सीट उचलणारी मोटर आणि 'आरबी'ची दोन अक्षरे

मा. संपादक,
मुलांकडे अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि मेडिकेअरचा (तिथल्या सरकारी आरोग्यविम्याचा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि उपकरणांचा भाग, घेतलेल्या ज्येष्ठांसाठी हे पत्र. पॉवर व्हीलचेअर मंजूर होते, पण तिच्या जोडभागांचे क्लेम परत येतात. बहुतेकदा कारण कागदातच असते.

सीट वर उचलणारी मोटर मेडिकेअरच्या १६ मे २०२३ च्या निर्णयाने कव्हरमध्ये आली. १ एप्रिल २०२४ पासून तिला ई२२९८ हा बिलाचा कोड आहे. पण 'रुग्णाला उठायला त्रास होतो' एवढ्यावर ती मिळत नाही. पलंग किंवा कमोडवर सरकताना सीट का उंच लागते, ओट्यावरच्या कपाटापर्यंत हात पोचतो का, हे थेरपिस्टने लिहायला हवे. तो थेरपिस्ट विक्रेत्याशी आर्थिक संबंध नसलेला हवा. आणि गरज घरातली दाखवायची. बागेत फिरणे, देवळात जाणे हे मेडिकेअरच्या लेखी कारणच नव्हे, पटो न पटो.

टिल्टसाठी (अख्खी सीट मागे कलवण्याच्या सोयीसाठी) वजन स्वतः हलवता न येणे आणि त्वचेवर जखमेचा धोका, असे स्पष्ट नोंदवावे.

चार्जर, टायर, कमरेचा पट्टा नव्या खुर्चीच्या किमतीतच धरलेले असतात. वेगळे बिल लावले की नकार ठरलेला. तेच भाग पुढे दुरुस्तीत बदलले तर कोडला 'आरबी' ही दुरुस्तीतल्या बदलाची खूण जोडावी लागते. बॅटऱ्या एका वेळी दोनच. मंजूर रकमेचे २० टक्के, वार्षिक डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम) भरल्यावरही, आपल्यालाच द्यावे लागतात.

— एक वाचक, न्यू जर्सी