दादा, त्या पिवळ्या चिठ्ठीबद्दल

प्रिय दादा,

गेल्या शुक्रवारी तुमच्या निरोपाच्या वेळी मला बोलायला उभं केलं आणि मी दोन वाक्यांत आटोपतं घेतलं. घसा दाटून आला होता. मग मरोळ नाक्यापासून घाटकोपरपर्यंत मेट्रोत उभ्याउभ्या, जे बोलायचं राहिलं ते मनात जुळवत राहिले. तेच इथे लिहितेय, चारचौघांनी वाचावं म्हणून.

तुमच्या टीममध्ये आले तेव्हा मी पोळलेली होते. आधीच्या कंपनीचं नाव घेत नाही. तिथे भिंतीवर अजाईलच्या, म्हणजे थोडं थोडं करत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीच्या, चार मूल्यांची मोठी फ्रेम होती. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांच्यातला संवाद मोलाचा, हे त्यातलं पहिलंच. त्याच फ्रेमखाली रोज सकाळी आम्ही पाऊण तास उभे असायचो. स्टँडअप म्हणजे १५ मिनिटांत टीमने आपापसांत दिवसाची आखणी करायची. आमच्याकडे मॅनेजर एकेकाचं नाव घेऊन झडती घ्यायचा. काम केवढं याचा अंदाज पॉइंटमध्ये द्यायचा; पाच पॉइंट सांगितले की ‘तिनात बसव’. शेजारच्या टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे ठरावीक मुदतीत पुरे होणारे पॉइंट, जास्त, मग तुमची का नाही? शेवटी सगळ्यांनी तिनाच्या कामाला आठ लावायला सुरुवात केली. आलेख चढला, काम होतं तेवढंच राहिलं.

आणि रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची टीमची बैठक! त्यावर पुस्तक लिहिणाऱ्या नॉर्म कर्थ यांनी २००१ मध्ये मांडलेलं तत्त्व दर वेळी आधी वाचून दाखवायचे: त्या वेळी जे ठाऊक होतं, जे हाताशी होतं, त्यात प्रत्येकाने आपल्या परीने उत्तम काम केलं असं धरून चालायचं. वाचून संपलं की पहिला प्रश्न, ‘हे कोणी केलं?’ मला याचा आजही राग येतो. तीन वर्षांत मी तिथे चूक लपवायला शिकले.

म्हणून आपल्याकडे हप्त्यांचा तो घोळ झाला तेव्हा माझे हातपाय गळाले. महिनाअखेर होती. पलीकडून उत्तर यायला उशीर झाला की माझा कोड तीच मागणी पुन्हा पाठवत होता. आधीची पोचली होती का, हे बघतच नव्हता. लोकांच्या खात्यांतून विम्याचा हप्ता दोनदा कापला गेला. कोड माझाच होता. पैसे परत गेले, दुरुस्ती झाली, त्याबद्दल सांगत बसत नाही. पण रेट्रोच्या दिवशी मी डबा उघडलासुद्धा नव्हता. राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवला होता.

फळ्यावर सगळ्यांच्या चिठ्ठ्या लागल्या. मधोमध एक पिवळी. तिच्यावर माझं नाव, नावाखाली दोन रेघा, आणि पुढे ‘डबल डेबिट’.

तुम्ही ती वाचलीत. अक्षर कोणाचं हे विचारलं नाहीत. चिठ्ठी काढलीत, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलीत. नवी घेतलीत आणि एरवी आपण सगळे इंग्रजीत लिहितो, पण तुम्ही मराठीत लिहिलंत: ‘उत्तर उशिरा आलं तर काय होईल, हे आपण कोणीच तपासलं नाही.’ मार्कर सुकत आला होता, म्हणून ‘आपण’ दोनदा गिरवावं लागलं. मग बाकीच्यांसाठी हिंदीत वाचून दाखवलंत.

हिंदीतल्या ‘हम’मध्ये ते येत नाही, दादा. इंग्रजीतल्या ‘वी’मध्येही नाही. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर उभा राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. त्या दिवशी ऐकणारी मी होते.

मिनिटभर कोणी बोललं नाही. मग टेस्टर म्हणाला, ती केस माझ्या यादीत होती, वेळ नव्हता म्हणून मी गाळली. माझ्या कोडचा रिव्ह्यू केलेली मैत्रीण म्हणाली, मी लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर वाचून मंजुरी दिली. बिझनेसकडच्या मॅडमनी सांगितलं, तारीख मीच अलीकडे ओढली होती. खरं कारण फळ्यावर यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. माझं नाव तिथे चिकटलेलं राहिलं असतं, तर यातलं एकही वाक्य बाहेर आलं नसतं.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटामध्ये, स्नोबर्डला जमून १७ जणांनी अजाईलची ती चार मूल्यं लिहिली. उजव्या बाजूच्या, म्हणजे तुलनेत कमी मोलाच्या धरलेल्या प्रक्रिया, कागदपत्रं अशा गोष्टींनाही किंमत आहे, हेही त्यांनी शेवटी लिहून ठेवलं. हे वाक्य बहुतेक जण विसरतात. तुम्ही विसरला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसलात आणि काय झालं, का झालं याचं एक पान माझ्याकडून लिहून घेतलंत. नवीन येणारा प्रत्येक जण आजही आधी ते पान वाचतो. त्यात कोणाचंही नाव नाही.

मी रोज लोकलने येते. तिघींच्या बाकावर चौथीला जागा मिळते, ती काही रेल्वेच्या नियमाने नाही. आधीच दमलेली कोणीतरी बाई ‘या, बसा’ म्हणून चार बोटं सरकते. ती सरकली म्हणून पलीकडच्या दोघी सरकतात. बैठकीतही आधी कोणीतरी सरकावं लागतं, आणि ज्याच्या हातात मार्कर आहे त्याने सरकणं तर फारच थोड्या ठिकाणी पाहिलं. भला माणूस सोबत असला की काम शिकता येतं, हे मला इतक्या उशिरा कळलं याचं वाईट वाटतं.

त्या संध्याकाळी ड्राफ्टमधला मेल पुसून टाकला. डोंबिवलीला घरी पोचले तर आई दारातच उभी होती. आठवडाभर माझा चेहरा बघून ती घाबरली होती. ‘काय झालंय ते आता तरी सांगशील का?’ म्हणाली.

चप्पल काढता काढता मी म्हटलं, ‘आमच्याकडून एक चूक झाली होती गं, आई. निस्तरली.’

तुमची,
टीममधलीच एक