मणक्याची दुखापत आणि एकरकमी हिशेब

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कामावर असताना उंचावरून पडून किंवा अंगावर माल कोसळून मणक्याला गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला भरपाई मिळाली, की बातमीत रकमेचा आकडा ठळकपणे येतो. तो पैसा किती वर्षे पुरवायचा आहे, याचा उल्लेख मात्र नसतो. मज्जारज्जूला, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाड दोराला, इजा झालेल्या रुग्णांची फिजिओथेरपी मी बरीच वर्षे करीत आले आहे आणि त्या ओघात दाव्यांची कागदपत्रेही पुष्कळ पाहिली आहेत. या दुखापतीची भरपाई मुख्यतः बुडालेल्या पगारावरून काढली जाते आणि हिशेब तिथेच चुकतो, असे माझे मत झाले आहे.

बोट, हात किंवा डोळा गेला तर अपंगत्वाची टक्केवारी कोष्टकात पाहून सांगता येते. मज्जारज्जूच्या इजेत वरवर काहीच तुटलेले दिसत नाही. कमरेखालची हालचाल आणि संवेदना जाते, तिच्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबाही जातो. दिवसातून अनेकदा कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) घालावा लागतो आणि ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस सुरुवातीच्या काळात साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलून द्यावी लागते, कारण दाबामुळे होणारी जखम चिघळली तर ती जिवावर बेतू शकते. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर नुसते मूत्राशय तुंबल्यानेही रक्तदाब धोकादायकरीत्या चढू शकतो. हे सारे सांभाळणारी व्यक्ती बहुधा घरातलीच असते आणि त्यासाठी तिने स्वतःची नोकरी सोडलेली असते. मी पाहिलेल्या दाव्यांत तिच्या श्रमांची किंमत क्वचितच धरलेली होती.

ही मागणी काही नवी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२५ साली केलेल्या कामगार-अपघात भरपाईच्या करारातच, जखमी कामगाराला सतत दुसऱ्याच्या मदतीची गरज असेल तर त्यासाठी जादा भरपाई द्यावी, असे कलम आहे. कायमच्या अपंगत्वाची भरपाई ठरावीक मुदतीने हप्त्यांत द्यावी आणि रकमेचा विनियोग नीट होईल अशी सक्षम अधिकाऱ्याची खात्री पटली तरच ती एकरकमी द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. शंभर वर्षांपूर्वी सुचलेले हे शहाणपण तडजोडीच्या घाईत बाजूला पडते.

घाईचा तोटा आणखी एक. हातापायांत किती ताकद परत येणार, याचा पुरेसा अंदाज यायला काही महिने, कधी वर्षही लागते. काही रुग्णांत तर कित्येक वर्षांनी मज्जारज्जूत द्रवाची पोकळी तयार होऊन उरलेली ताकदही कमी होऊ लागते. अशा वेळी ‘यापुढे कोणतीही मागणी करणार नाही’ या वाक्याखाली पहिल्या काही आठवड्यांत घेतलेली सही फार महागात पडते. दावा पुन्हा उघडण्याची मुभा जिथे कायद्यात आहे, तिथे ती तडजोडीने हातची जाऊ देऊ नये.

एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसली की दुखणे अपघाताआधीचेच होते, असा युक्तिवाद भरपाई नाकारण्यासाठी हमखास होतो. अशी झीज कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही आढळते. शिवाय मानेचे मणके झिजलेले असतील तर साध्या पडण्यानेही मज्जारज्जू चेंगरू शकतो. आणि अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत तो कामगार कामावर येतच होता ना?

डॉक्टरांकडून मिळणाऱ्या दाखल्यात बहुतेकदा ‘कायमचे अपंगत्व, शंभर टक्के’ एवढीच ओळ असते. रुग्णाला रोज किती तास कोणाची मदत लागेल, कॅथेटर आणि इतर साहित्य किती लागेल, व्हीलचेअर व दाब कमी करणारी गादी किती वर्षांनी बदलावी लागेल, हेही त्या दाखल्यात लिहून घ्यावे आणि दाव्याची रक्कम त्यावरून काढावी, अशी विनंती मी कामगारांच्या कुटुंबीयांना आणि त्यांच्या वकिलांना या पत्राद्वारे करीत आहे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट