तक्रार: संखेड्याच्या झोपाळ्यावर पेंट मारला त्याबद्दल आणि बाकीच्या कामाबद्दल

नमस्कार सर,

भायलीच्या आमच्या फ्लॅटचं इंटिरियर तुमच्या कंपनीनी केलंय. सुपरवायझरला व्हॉट्सॅपवर सगळं लिहून झालं, फोटो पाठवून झाले, "बघून सांगतो" याच्यापलीकडे उत्तर येत नाही म्हणून आता थेट तुम्हाला लिहितेय. तुम्ही बडोद्याचेच आणि मराठी, त्यामुळे घरात झोपाळा म्हणजे काय असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला लागू नये.

आधी त्याचंच लिहिते. हा झोपाळा सासूबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी लाखकामाच्या फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेल्या संखेडा गावातल्या खराद्याकडून, म्हणजे लेथवर लाकूडकाम करणाऱ्या कारागिराकडून करवून घेतलेला, सागाचा, मरून रंगाचा, वर सोनेरी वेलबुट्टी. दांडिया बाजारातल्या जुन्या घरात तो दिवाणखान्यात होता. नवीन घरात बाकी काय करायचं ते करा पण झोपाळा हॉलमधे खिडकीपाशी पाहिजे, हे आम्ही पहिल्याच मीटिंगला सांगितलं होतं आणि डिझायनर मॅडमनी ड्रॉइंगमधे तो दाखवलाही होता. कोटेशनमधे त्याच्यापुढे "पॉलिश व टचअप" असं लिहिलंय. आणि केलं काय, तर तुमच्या माणसांनी तो वर्कशॉपला नेला, पॉलिश पेपरनी घासून काढला आणि त्याच्यावर बेज कलरचा मॅट पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारून आणून लावला. विचारलं तर म्हणे हॉलच्या थीमला मरून मॅच होत नव्हता. अहो पण मारायच्या आधी एक फोन तरी करायचात!

सुपरवायझर आता म्हणतोय की थिनरनी पेंट काढून देतो, होईल पहिल्यासारखं. नाही होणार सर. संखेड्याचं काम कसं होतं ते त्याला माहीत नाहीये. लाकूड लेथवर फिरत असताना त्याला लाखेची कांडी दाबून धरतात, घासून जी उष्णता होते तिनी लाख वितळून लाकडावर बसते. नक्षी कथिलाच्या रंगात ब्रशनी हातानी काढलेली असते, तेव्हा ती रुपेरी दिसते, मग ती अकीकाच्या दगडानी घासून चमकवतात आणि तिच्यावर लाख चढली की ती सोनेरी दिसायला लागते. म्हणजे जिथे पॉलिश पेपर फिरला तिथे लाख पण गेली आणि खालची नक्षी पण गेली, आता वरचा पेंट काढून खाली मिळणार काय? मागच्या एका खांबाच्या खोबणीत तुमचा स्प्रे पोचलेला नाही, तिथे बोटाच्या पेराएवढी मरून पट्टी आणि नक्षीतलं अर्धं पान शिल्लक आहे. आई (सासूबाई) येताजाता तिथे हात लावून बघतात. झोपाळ्यावर त्या अजून बसलेल्या नाहीत.

मला सगळ्यात जास्त राग याचा आहे की तुमच्या ब्रोशरवर "तुमच्या आठवणींचं, तुमच्यासारखं घर" असं मोठ्या अक्षरात छापलंय आणि तेच वाचून आम्ही तुमच्याकडे आलो. मॅडमनी स्वतः आम्हाला सांगितलं होतं की पांढऱ्या-ग्रे घरांचा जमाना गेला, आता लोकांना मातकट, उबदार रंग हवेत, हातानी केलेल्या वस्तू हव्यात, आजी-आजोबांच्या घरातलं एखादं जुनं फर्निचर मुद्दाम समोर ठेवतात, सगळा सेट एकसारखा असायची गरज नाही. पँटोन या रंगांच्या कंपनीनी २०२५ साठी मोका मूस नावाचा ब्राऊन निवडला होता तोही त्यांनी दाखवला, आणि आम्हाला तो आवडला कारण त्या ब्राऊनसमोर झोपाळ्याचा मरून किती खुलला असता! हे सगळं पटलं म्हणून तर आम्ही अॅडव्हान्स दिला. आणि प्रत्यक्षात मिळालं काय, तर तुमच्या सॅम्पल फ्लॅटमधलाच हॉल, तेच उभ्या पन्हाळींचं फ्लुटेड पॅनेल, तीच कमान, तोच सोफा. त्यात आमचं असं जे एकच होतं तेही बेज करून टाकलंत.

सोफ्याचंही सांगते. सीट जेमतेम १५ इंचावर आहे, दिसायला छान आहे, पण आईंचे गुडघे दुखतात हे मीटिंगमधे सांगितलं होतं, त्यांना दर वेळी हात धरून उठवायला लागतं. १८ इंच उंची असती तर त्या आपल्या आपण उठल्या असत्या. घर आरामाचं पाहिजे म्हटल्यावर घरात कोण राहणार आहे ते आधी बघायला नको का?

लाइट कोटेशनमधे ३००० केल्विनचे वॉर्म व्हाइट आहेत, लावलेत ६५०० वाले, संध्याकाळी हॉलमधे बसलं की दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. सिंकखालच्या कपाटाला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, आयएस ७१० असं लिहिलं होतं, आतल्या बाजूचा शिक्का बघितला तर आयएस ३०३ आणि एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा), म्हणजे पाण्याच्या जागी वापरायचाच नाही तो प्लाय. खालची फळी फुगलीये, एज बँड सुटलाय, दार लागत नाही. हा दिसण्याचा प्रश्न नाहीये, पैसे एका मालाचे घेतलेत आणि माल दुसरा लावलात. देवघराला जाळी सुंदर केलीत पण वरची फळी इतकी खाली घेतलीये की समई आत मावत नाही, ती वर घ्यायला लागेल.

आता आम्हाला काय पाहिजे ते स्पष्ट लिहिते. झोपाळा संखेड्याला पाठवून तिथल्या कारागिराकडून लाखकाम आणि नक्षी नव्यानी करवून द्यायची, खर्च पूर्ण कंपनीचा, आणि नक्षीसाठी जुने फोटो आम्ही देऊ. तुमच्या वर्कशॉपमधे त्याला आता कोणी हात लावायचा नाही. सिंकखालचं कपाट कोटेशनमधल्या प्लायमधे नवीन करून द्या, लाइट बदला, सोफ्याला उंच पाय लावा, देवघराची फळी वर घ्या. हे होईपर्यंत शेवटचा हप्ता आम्ही देणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर पाहिजे, फोनवर नको. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. कोटेशनच्या मागे वाद झाल्यास तो अहमदाबादच्या कोर्टात चालेल असं छापलंय, पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, त्यामुळे ती बडोद्यातच होईल. कोटेशन, ड्रॉइंग, प्लायच्या शिक्क्याचे आणि झोपाळ्याचे आधीचे-नंतरचे फोटो सोबत जोडलेत. कारागिराकडे कोण आणि कधी जाणार ते उत्तरात आधी लिहा, आमच्या घरातलं कोणीतरी बरोबर येणार आहे.

आपली,
भायलीच्या फ्लॅटची ग्राहक, बडोदा