दान्यास पत्र: बारा तिकिटं आणि महिन्याची साय

नंदुरबार

प्रिय दान्या,

प्रभूच्या नावात सलाम. कसा शे भो? फोन उचलत नाहीस, म्हणजे राग अजून उतरलेला नाही. माझी तब्येत ठीक, साखर आहे तिथंच आहे. पुढे वाच.

चर्चच्या पंचांनी परत नेपाळचं ठरवलंय. बारा जण, आठ दिवस, सोबत तरुण संघाचा बॅनर. बजेट मी मांडायचं. आणि नेमका गेल्या आठवड्यात तिकडच्या पाळकांचा फोन: मागं आपण वाडीत बसवलेले पाण्याचे निम्मे फिल्टर बंद, दोन घरांत तर त्यात मका भरून ठेवलाय. मीटिंगमध्ये सगळे म्हणाले, "अरेरे, अडाणी लोक." मका का भरला, हे विचारणारा त्या बारा जणांत एक नाही. तू जन्म पाणीपुरवठ्यात काढलास, म्हणून तुला लिहितोय.

फिल्टर तुला माहीत आहेच, कॅनडातल्या मान्झ नावाच्या इंजिनियरचं वाळूचं डिझाइन. सिमेंटचं उभं खोकं, तळाला ६ ते १२ मिलिमीटरची खडी पाच सेंटिमीटर, तिच्यावर बारीक खडी तेवढीच, मग अर्ध्या मीटरच्या वर वाळू, ०.७ मिलिमीटरच्या जाळीतून चाळलेली. वाळूवर पाच सेंटिमीटर पाणी कायम उभं पाहिजे. त्या पाण्याखाली, वाळूच्या वरच्या बोटभर थरात जिवाणूंची साय धरते आणि जंतू मारायचं मोठं काम तीच करते. पाणी खाली गेलं की ती सुकते, जास्त उंच झालं की हवेवाचून मरते. आणि धरायला तिला महिनाभर लागतो! आपली मंडळी आठव्या दिवशी गोरखपूरला कुशीनगर एक्स्प्रेसमध्ये पुरी-भाजी खात असतात, तेव्हा तिकडे साय धरायला जेमतेम सुरुवात झालेली असते. लोकांनी दूषित पाणी ओतायचं, ते अर्धवट गाळून खाली येणार, मुलांची पोटं बिघडणार, मग विश्वास कशावर ठेवायचा?

पाळकांना मी खोदून खोदून विचारलं. चैतात डोंगरातला झरा आटला, पाइप कोरडा पडला. दोन दिवसांच्या वर पाणी ओतलं नाही की सायीला खायला काही उरत नाही. एका घरी हंडा खाली ठेवता यावा म्हणून तोटीला रबरी नळी जोडली. नळीनं सायफन होऊन उभं पाणी पार ओढून नेलं. आणखी एका ठिकाणी कुणी चांगल्या मनाच्या माणसानं वरून ब्लीचिंग पावडर टाकली. जंतू मारायची पावडर, तिनं कामाचे जंतूही मारले. ब्लीचिंग टाकायची तर खाली गाळून आलेल्या पाण्यात, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि धार मंद झाली की लोक वाळूच उपसतात. खरं तर वरचं पाणी हातानं ढवळायचं, गढूळ झालं की पेल्यानं काढून टाकायचं, बस्स. लिटरची बाटली अडीच मिनिटांत भरली तर ठीक. त्याआधी भरली तर वाळू जाड आहे, कितीही प्रार्थना करा.

वाळूही नदीची नको. तिच्यात घाण आणि जंतू आधीच बसलेले असतात. क्रशरची घ्यायची. तापीच्या वाळूवरून तू आणि मी बंधाऱ्यावर भांडलो होतो, आठवतं? तेव्हा तू जिंकलास, मान्य. पण "तिकिटाचे पैसे तिकडंच पाठवा" हे तुझं पालुपद अजून मान्य नाही. पैसा वाळू चाळत नाही.

आणि ते लोक अडाणी म्हणे! चेपांग आदिवासी आहेत ते, चितवन-मकवानपूरच्या डोंगरातले. मका संपला की जंगलातले कंद कुठं खणायचे, कडू कंद कसा उकळायचा, हे त्यांना पाठ. चिउरीच्या बियांचं तूप काढतात. चिउरी आपल्या मोहाच्याच कुळातली. आपल्याकडं टोळंबीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढणाऱ्या म्हाताऱ्यांना कोण अडाणी म्हणेल? मावशी तर काठी घेऊन उठेल.

बॅनरचं तर डोक्यातून जात नाही. नेपाळात दुसऱ्याचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे; २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर काढतात. फिल्टर वाटताना प्रार्थना आणि फोटो केले की आमिषाचा आरोप तिथल्या पाळकांवर येतो. आपण घरी येतो, ते तिथंच राहतात. आपल्या जिल्ह्यात हे बोलणं काय नवं आहे? तरी पंचांना बॅनर हवाच.

माझं म्हणणं साधं: दोनच माणसं पाठवायची, मंगसीरमध्ये (नोव्हेंबर-डिसेंबर), म्हणजे पावसानं खचलेले रस्ते दुरुस्त झालेले असतात आणि मका घरात आलेला असतो. सहा आठवडे राहायचं. वाळू तिथल्याच पोरांकडून चाळून-धुवून घ्यायची, प्रत्येक घरात एका बाईच्या हातून ढवळण्याची सवय करायची, आणि चैतात परत जाऊन झरा बघायचा. उपासना तिकडं शनिवारी असते, सुट्टी शनिवारची म्हणून. तेव्हा जाऊन मागच्या बाकावर बसायचं. आधारवर भरवसा नको, पासपोर्ट किंवा मतदार कार्ड न्यायचं. आपले शंभर म्हणजे तिकडचे एकशे साठ. मिरचीपूड मात्र नको, मागच्या वेळी आपल्या पोरांनी ठेचा वाढून अख्खी वाडी रडवली होती.

तू जाशील का? दुसरा मी शोधतो. पंचांसमोर तुझंच वजन पडतं, माझं ऐकून सगळे चहा मागवतात.

छोटीची दहावी कशी चाललीय? स्लॅब पडला का? वहिनींच्या गुडघ्याला गरम शेक चालू ठेव म्हणावं. रविवारी मीटिंग आहे, त्याआधी फोन कर, आणि ०.७ ची जाळी धुळ्यात मिळते का तेवढं विचारून ठेव.

तुझा,
याकोब