लातूरच्या आडतीची केस पण शिकवा

संपादक साहेब, एमबीए म्हणजे पैशाची नासाडी असं म्हणणारा तुमचा रविवारचा लेख वाचला, अजिबात पटला नाही. मी लातूरचा, सध्या संभाजीनगरला सेकंड इयरला आहे. वर्किंग कॅपिटलचं, म्हणजे रोजच्या धंद्यात फिरणाऱ्या पैशाचं, लेक्चर झालं त्या रात्री बाबांच्या आडतीच्या (शेतकऱ्यांचा माल विकून देण्याच्या दुकानाच्या) पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, काढून बसलो आणि पैसा नेमका कुठं अडकतो ते पहिल्यांदा कळलं, लई भारी वाटलं. अडचण वेगळीच आहे, केस स्टडी (खऱ्या धंद्यातले प्रसंग अभ्यासाला देतात त्या) सगळ्या अमेरिकेतल्या कंपन्यांच्या, आणि इथं सोयाबीनमधे ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की भाव पाडतात, त्याची एक पण केस नाही. अहमदाबादच्या आयआयएमने १९६१ मधे स्थापना झाल्यावर अमेरिकेतल्या हार्वर्डची केस स्टडीतून शिकवायची पद्धत घेतली पण केसेस भारतातल्या लिहिल्या, मग आपल्या कॉलेजांनी जालन्याच्या स्टीलवर, लातूरच्या डाळीवर का लिहू नयेत?

— एक विद्यार्थी, लातूर