बाबा, थेंब बंद करू नका

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही विचारलंत ना की कॉर्नियात रक्तच नसतं तर बसवलेल्या नव्या कॉर्नियाचं रिजेक्शन होईलच कसं, म्हणजे शरीर तो नाकारेलच कसं, मग हे स्टेरॉइडचे थेंब इतके महिने कशाला. प्रश्न एकदम बरोबर आहे, फोनवर सांगण्यासारखा नाही म्हणून लिहितेय.

कॉर्निया म्हणजे काळ्या बुबुळावरचा तो पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, रक्तवाहिनी एकही नाही, ऑक्सिजनसुद्धा बराचसा हवेतून अश्रूंमार्फत घेतो. म्हणून बरीच वर्षं लोक समजायचे की निरोगी कॉर्नियाच्या मधोमध इम्यून पेशी, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी, जवळपास नसतातच. पण असतात! डेंड्रिटिक पेशी असतात, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, कडेला जास्त आणि मध्याकडे विरळ, बाहेरचं काही आत आलंय का ते त्या सतत चाचपत असतात. खालच्या थरात मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी असतात.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. 2023 मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी माणसांच्या डोळ्यात कॉन्फोकल मायक्रोस्कोपने पाहिलं, म्हणजे कापाकापी काही नाही, माणूस समोर बसलेला, त्याच जागेचे थोड्या थोड्या वेळाने फोटो घेतले आणि ते जोडून व्हिडिओ केला. तर ज्या बिनफांद्यांच्या छोट्या पेशींना आधी सगळे कच्च्या डेंड्रिटिक पेशी म्हणायचे त्या चक्क भराभर फिरताना दिसल्या, त्या टी-सेल्स (इम्यून पेशींचाच दुसरा प्रकार) निघाल्या. एका स्थिर फोटोत हे कळणारच नव्हतं ना. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांत आणि डोळ्यांची ॲलर्जी असलेल्यांत या पेशींचं वागणं वेगळं दिसलं तेही त्यांनी नोंदवलंय.

म्हणजे काहीही झालेलं नसताना, डोळा पांढराशुभ्र असताना सुद्धा तिथे पहारा चालू असतो. आणि बाबा, तुमच्या डोळ्यातला पडदा दुसऱ्या कुणाच्या तरी नेत्रदानातून आलाय, तुमच्या शरीराला तो परकाच. पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण एडुआर्ड झिर्म यांनी 1905 मध्ये केलं, तेव्हा रिजेक्शन दाबणारी औषधंच नव्हती, तरी ते टिकलं, कारण रक्तवाहिन्या नसल्यामुळे कॉर्नियाला इतर अवयवांपेक्षा खूप सवलत मिळते. सवलत मिळते हं, माफी नाही. स्टेरॉइडचे थेंब या पेशींना शांत ठेवतात, म्हणून डोळा छान दिसतोय, आता कशाला, असं करून बंद करायचे नाहीत, डॉक्टर सांगतील तसे हळूहळूच कमी करायचे. उलट मनाने वाढवायचेही नाहीत, स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, तपासणीला त्यासाठीच बोलावतात.

आई, तू एवढं बघ: लाली, उजेड सहन न होणं, धूसर दिसणं, दुखणं. यातलं एक जरी वाटलं तरी "उद्या बघू" नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि मला लगेच फोन कर, रात्री असेल तरी.

तुमची,
मनू