चावडीवरच्या शिळेला नावं मिळू द्या

मा. माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस

सविनय नमस्कार.

गेल्या डिसेंबरात दिल्लीला राष्ट्रीय समर स्मारक पाहिलं. रोज संध्याकाळी तिथं एका हुतात्मा जवानाच्या घरच्यांना पुष्पचक्र वाहायला बोलावतात. त्या दिवशी एक म्हाताऱ्या आई आल्या होत्या. नंतर त्या त्यागचक्राच्या भिंतीशी गेल्या, लेकाचं नाव शोधलं आणि पदरानं पाटी पुसली. ग्रॅनाइट लख्ख होता, तरी पुसली.

स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावं तिथं आहेत. मला मात्र आमच्या चावडीची शिळा आठवली.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. १९१४च्या महायुद्धाला गावातून किती गेले, किती मेले, एवढंच इंग्रज सरकारनं त्या शिळेवर कोरलंय. नाव एकाचंही नाही. (जवळच्या अपशिंग्यानं त्या युद्धात ४६ जवान गमावले.) चावडीला चुना देताना शिळेलाही ब्रश लागतो, त्यामुळे आकडासुद्धा नखानं खरवडून वाचावा लागतो. माझ्या पणजीचा थोरला भाऊ त्या आकड्यात आहे. "बसऱ्याला गेला," एवढंच घरात सांगत.

बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं शहर. तिथल्या महायुद्धाच्या स्मारकावरही तेच. अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या हिंदी शिपायांची नुसती संख्या. इराकमधल्याच कूतला तुर्कांनी वेढा घातला, त्यात ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ला शरणागती झाली आणि कितीतरी जण कैदेतच संपले. स्मारकांवरच्या या भेदभावाबद्दल ब्रिटिश सरकारनं २०२१मध्ये संसदेत माफी मागितली.

साहेब, हे जवान अनामिक नाहीत. महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी नि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत अनेकांचं नाव, बापाचं नाव, गावसुद्धा आहे. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये गावं अशी मोडलीत, की ती ओळखायला इथलाच माणूस हवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं, बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री केंद्राची मदत घेऊन, गावोगावच्या म्हाताऱ्यांसोबत बसून ही नावं जुळवावीत. जुनी शिळा हलवू नये. शेजारी देवनागरीत नावांची दुसरी बसवावी. सुरुवात साताऱ्यापासून करा.

ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला आहे. शिळेवरचा चुना पोरांनी काढलाय, आणि उजव्या हाताला भिंतीत दोन हात जागा मोकळी ठेवली आहे.

आपला नम्र,
एका माजी सैनिकाचा मुलगा